कावळ्याची रजा

पाळण्यात तान्हा नाही हे मला पार्बताबाईनं येऊन सांगितलं, तोवर मी तो पाळणा चांगली अर्धी दुपार हलवत होते. नुसता हलवत नव्हते, अंगाईही म्हणत होते. तान्हा तिच्याकडे होता. मीच नेऊन दिला होता म्हणे, आणि तो तिच्या अंगणात माती खात मजेत बसला होता. पार्बताबाई आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिचा नवरा नत्थुजी मोर्शीकडच्या बागांतलं फळ आणून अमरावतीच्या बाजारात विकायचा, आणि ती गल्लीतली खबर घरोघर फुकट वाटायची. माझा रिकामा पाळणा संध्याकाळपर्यंत बडनेऱ्याच्या पुढे गेला असणार.

महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि एक पंगत उठते न उठते तोच दारात चपला काढणारी दुसरी. देव्या चांगल्या तीन दिवस बसल्या, मला मात्र बूड टेकायला मिळालं नाही. त्यांचे मुखवटे डब्यात गेले तरी माझे पाय चालतच होते. घरात चार लेकरं. थोरली बेबी, तिच्या पाठचे दोन मुलगे आणि हा पाळण्यातला, म्हणजे पाळण्यात नसलेला.

मी रिकामा पाळणा हलवते आहे हे पाहून मधला मुलगा हसला. हसणारच, मीही हसले असते. पण माझा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला. रात्री जेवताना मी वरण वाढायला पळी उचलली, तर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या हातात नुसती वरणाची पळी होती. आपल्याला आता झोप मिळाली नाही तर या हाताचा काही भरवसा नाही, एवढं मला त्या ताटावर लख्ख कळलं.

मी यांना सांगितलं. हे म्हणजे आमचे वामनराव, कचेरीत कारकून. यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दुपारी थोडी झोपत जा म्हणाले, आणि चहा मागितला. चहा झाल्यावर दुपारी गहू निवडायचे राहिलेत याची आठवणही त्यांनीच करून दिली. माणूस वाईट नाही. त्यांच्या कचेरीत प्रत्येक कागदावर उपाय लिहून तो पुढच्या टेबलावर सरकवायची पद्धत आहे, त्या सवयीनं बोलले एवढंच.

मग मला कावळा आठवला.

बाईमाणसाला महिन्याला एकच हक्काची रजा असते, आणि ती सरकार देत नाही, सासर देत नाही, कावळा देतो. कावळा शिवला म्हटलं की बाईनं मागच्या सपरीत, म्हणजे परसातल्या पडवीत, घोंगडीवर बसायचं. कुणी तिला शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही. ताट-तांब्या वेगळा, जेवण वरून वाढलेलं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा घाण्याला. यातली खरी मौज अशी की हे कारण एकदा सांगितलं की कोणताही पुरुष पुढचा प्रश्न विचारत नाही. पै-पैचा खुलासा मागणारा आमचा नवराही कावळ्याचं नाव निघालं की मान खाली घालतो आणि विहिरीकडे चालू लागतो.

अडचण एकच होती. कावळा पोळ्याच्या सुमारास येऊन गेला होता आणि पुन्हा यायला त्याला बराच अवकाश होता. वाट पाहण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोंगडी घेतली, सपरीत जाऊन बसले आणि बेबीला म्हटलं, बाबांना सांग, आई दूर बसली. माझं नाव सत्यवती. वडिलांनी ते ठेवताना फार पुढचा विचार केलेला दिसत नाही.

हे विहिरीवर जाऊन आले आणि स्वयंपाकाला लागले. मी डोळे मिटले. लगेच आतून विचारणा आली की मीठ कुठं आहे. मी सांगितलं. मग जिरं. मग ज्याला आपण जिरं समजत होतो तो ओवा आहे काय. मग चूल पेटत का नाही. मग पेटली ती इतकी का पेटली. कचेरीतल्या कोणत्या कपाटात कुठल्या सालातली मिसल आहे हे झोपेत सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात डाळीचा डबा सापडेना. घरात उभी असताना मी हातानं जेवढं काम करत होते, तेवढंच आता तोंडानं करत होते. थोड्या वेळानं सपरीत इतका धूर आला की मागच्या घरातल्या खुर्शीदबीनं भिंतीवरून डोकं वर काढलं.

"भाभी, घर जल रहा या खाना पक रहा?" तिनं विचारलं.

खाना पकतोय म्हटल्यावर तिला जास्त काळजी वाटली. तिनं भाजलेले दोन भुट्टे भिंतीवरून माझ्याकडे टाकले. एरवी मी घेतले नसते, सासरची शिस्त आड आली असती. पण मी स्वतःच विटाळात बसलेली, मला आता आणखी कोण काय बाटवणार? भुट्टा मीठ-मिरची लावलेला होता आणि झकास होता. खुर्शीदबीची आणि माझी खरी मैत्री त्या दिवसापासूनची.

दुपारी झोपेन म्हटलं, तर लेकरांनी नवी भानगड काढली. तान्ह्या मुलाला आईशिवाय कसं चालणार म्हणून जुन्या लोकांनी एक सवलत ठेवली आहे. विटाळ कपड्याला लागतो, उघड्या अंगाला लागत नाही. म्हणून तान्ह्याचं झबलं काढून बेबीनं त्याला माझ्याकडे सोडलं. हे मधल्यानं पाहिलं. त्यानं मिनिटभर विचार केला, चड्डी काढून खुंटीला अडकवली आणि माझ्या घोंगडीवर येऊन बसला. थोड्या वेळानं थोरला शाळेतून आला. त्यानं दारातच दप्तर टाकलं, सदरा टाकला, उरलेलंही टाकलं आणि धावत आला. तीन नागडे बाळकृष्ण माझ्याभोवती, आणि तिघांनाही गोष्ट हवी. शास्त्राप्रमाणे माझं काही चुकत नव्हतं, त्यांचंही चुकत नव्हतं. झोप मात्र गेली. तेवढ्यात दूधवाला आला, मुलं तशीच त्याच्यासमोर हिंडली, आणि यांनी मला दारामागून कळवलं की आपण कारकून असलो तरी आपल्या घराला काही इज्जत आहे.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई आली. तिच्या डोक्यात सगळ्या गल्लीचं पंचांग असतं. कोण कधी बसली, कोण उठली, कुणाला दिवस गेले, हे तिला त्या त्या बाईच्या आधी ठाऊक. ती चार हात लांब उभी राहिली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि बोटं मोजायला लागली.

"काहून वं, पोयाच्या टायमाले त बसली होती ना तू?" ती म्हणाली. "इतक्या लवकर कसा आला तुया कावळा?"

मी घोंगडीची दशी ओढत बसले, आणि त्याचा तिनं मोठा अर्थ काढला. ही साधी बाब नाही, हे अंगावरून जाण्याचं दुखणं आहे, तिवशाच्या तिच्या मावसबहिणीला अगदी असंच झालं होतं, आणि ती बहीण आता नाही. तासाभरात ती अशोकाच्या सालीचा काढा घेऊन आली. तो इतका कडू होता की खरं आजारपण परवडलं असतं. समोरच्या घरातून गुळवेल आली. पलीकडच्या म्हातारीनं नजर उतरवायला लांबूनच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि त्या यांनी पेटवलेल्या चुलीत टाकल्या, त्यामुळे पुन्हा धूर झाला आणि खुर्शीदबीचं डोकं पुन्हा वर आलं. प्रत्येक बाई येताना एक औषध आणि ते घेऊनही न वाचलेल्या बाईची एक गोष्ट घेऊन आली. दिवसभर मी मेलेल्या बायका ऐकत बसले.

संध्याकाळी नत्थुजीनं यांना कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल देव जाणे. कावळ्याबद्दल दोन पुरुषांनी आपसात बोलायचं म्हणजे किती अवघड, ते खाली पाहत आणि खाकरत बोलत होते एवढं मला सपरीतून दिसलं. हे घरात आले तेव्हा चेहरा उतरला होता. रात्री यांनी बेबीकडून मला पांघरूण पाठवलं आणि स्वतः उंबऱ्याशी येऊन, सत्यवती, काही होणार नाही तुला, एवढं म्हणून गेले. मला लाज वाटली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी टांगा आला. मी मागे एकटी, हे पुढे टांगेवाल्याजवळ अंग चोरून बसलेले. बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि शेवटची पोटभर कधी झोपलात म्हणून विचारलं. मी आठवायला लागले. बेबीच्या वेळी माहेरी होते तिथपर्यंत मागे गेले, तरी सापडेना. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चिठ्ठीवर संपूर्ण विश्रांती असं लिहिलं आणि ती यांच्या हातात देताना चष्म्यावरून असं काही पाहिलं की दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत हे टोपीच नीट करत राहिले.

ती चिठ्ठी घेऊन हे कचेरीत रजा मागायला गेले. आता आमचं वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारला जोडलेलं. कापूस आम्ही पिकवायचा आणि नियमांचं पुस्तक नागपूरहून यायचं, अशी एकंदर वाटणी. यांच्या कचेरीतल्या बडेबाबूंना ते पुस्तक तोंडपाठ होतं. त्यांनी अर्ज वाचला, चिठ्ठी वाचली, चिठ्ठीची मागची बाजूही वाचली. मग म्हणाले की विश्रांती बायकोला सांगितलेली आहे, तेव्हा रजा बायकोनं मागावी. अर्जदाराची प्रकृती तर चांगली दिसते. यांनी सांगितलं की बायको विश्रांती घेईल तर घरकाम कोण करणार. बडेबाबूंनी विचारलं की बायको नोकरीत आहे काय. नाही. मग जे काम नोकरीच नाही, त्याच्या बदली माणूस कसा द्यायचा? या मुद्द्यावर पुस्तकात खरोखरच काही लिहिलेलं नव्हतं. बडेबाबूंनी पुढे असंही सांगितलं की बाईंना नेमकं काय झालं आहे त्याचा तपशील लिहून आणा. हे लाल होऊन तसेच परत आले. अर्जावर तपशिलाअभावी नामंजूर असा शेरा पडला.

मग यांनी अकोल्याला आईला तार केली. पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण घाबरलेल्या माणसाला पत्र सुचत नाही. माझ्या सासूबाई अकोल्याला दोघा थोरल्या दिरांकडे असायच्या. त्या काळी तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच माहीत. आमच्याकडे तार उघडायच्या आधी रडून घेतात, आणि मग ती वाचायला कुणाला शोधतात. सासूबाई रडण्यात वेळ न घालवता गाडीत बसल्या. रडणं त्यांनी बडनेऱ्यापासून सुरू केलं.

त्या आमच्या गल्लीत शिरल्या त्या हंबरडा फोडतच. "माही लक्ष्मी गेली वं माय," असं त्या म्हणत होत्या. अशी सून कोणाला भेटणार नाही, हातची भाकरी कशी फुलासारखी, तोंडातून कधी उणा शब्द नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य ऐकलं नव्हतं. आता ती ओळीनं येत होती, सगळी गल्ली ऐकत होती, आणि मी सपरीत बसून भुट्टा खात ऐकत होते. मला तर थांबवावंसंच वाटेना. शेवटी त्या मागच्या दारात आल्या आणि मला पाहून मधल्याच शब्दावर थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, भाकरी काही इतकी फुलासारखी नसते असं म्हणाल्या, आणि पदर खोचून चुलीपाशी गेल्या.

आता मी खरोखर अडकले. चौथा दिवस होता, डोक्यावरून पाणी घेऊन उठायचं असं मी ठरवलं होतं. पण डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती, पार्बताबाईचं निदान होतं, आणि कावळा जायचं नाव घेत नाही हे गल्लीत परस्पर ठरलं होतं. सासूबाईंनीही उठायचं नाही म्हणून बजावलं. त्यांनी तिन्ही नागड्यांना कान धरून कपडे चढवले, यांना चुलीपासून हाकललं, काढ्याची वाटी सांडून दिली. घरात एकाएकी कोणी मला काही विचारेना.

मी झोपले. कशी झोपले ते मलाच माहीत नाही. जेवायला उठले, पुन्हा झोपले, दुसरा दिवसही तसाच गेला. जाग आली तेव्हा दुपार कलली होती आणि मधला मुलगा लांब बसून गोट्या खेळत होता. मी त्याला बोलावलं. तो कपडे काढू लागला, तर मी म्हटलं राहू दे, तसाच ये. त्याच्या केसांवरून फिरवायला मी हात उचलला. त्यानं तोंड झाकलं नाही, डोकं पुढे केलं. मला माझी विश्रांती मिळाली ती त्या क्षणी.

आतून जात्याची घरघर येत होती. ती मध्येच थांबली. पुन्हा सुरू होईल म्हणून मी थोडं थांबले, मग उठून दारातून डोकावले. सासूबाई जात्याच्या खुंट्याला हात तसाच धरून, मान छातीवर टाकून झोपल्या होत्या. ज्वारीचे दाणे दुसऱ्या हाताच्या मुठीत. मी हाक मारली तशा दचकल्या आणि जातं ओढायलाच लागल्या.

"आत्याबाई, जराशा पडा ना," मी म्हटलं.

"मी पडली त भाकरी कोन टाकन?"

"अकोल्याले कोन टाकते?"

त्या जातं ओढतच म्हणाल्या, "मीच टाकतो. दोन सुना हायेत तिकडं. एक उठते त दुसरी बसते. मले तो कावळा कधीचाच सोडून गेला. म्हातारीले कोन बसवते? आता तो शिवन त पिंडालेच." त्यांनी मूठभर ज्वारी जात्यात घातली. "तुया कावळा खोटा हाये, हे मले आली तवाच समजलं. बसलेली बाई पोटाले हात लावते. तू डोयाले लावून बसली होती."

मग तुम्ही बोलल्या का नाही, असं मी कसंबसं विचारलं.

"बोलून का करू? म्या म्हटलं, झोपू द्या पोरीले."

पोरीले म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ जात्यापाशी बसले आणि रडले, आणि बडनेऱ्यापासून त्या जे रडल्या होत्या त्याची चांगली परतफेड केली. मग उठले, विहिरीच्या थंड पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली, कोरडं लुगडं नेसले आणि आत येऊन त्यांच्या हातातला खुंटा सोडवला. सपरीतली घोंगडी झटकून मी पुन्हा अंथरली.

त्या नाही म्हणाल्या. मग लोक काय म्हणतील म्हणाल्या. या वयात, नातवंडं खेळत्या घरात, शोभतं का हे. मी त्यांना समजावलं की लोक काही म्हणणार नाहीत, कारण विचारणारच नाहीत. साऱ्या वऱ्हाडात या एकाच कारणाला तपशील लागत नाही. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. मग घोंगडीवर जाऊन बसल्या, आधी अवघडून, मग पाय लांब करून. मी गरम भाकरी वरून त्यांच्या ताटात टाकली. स्वतः न थापलेली गरम भाकरी त्यांनी किती वर्षांनी खाल्ली असेल कोण जाणे. भाकरी जाड झाली आहे असं त्या म्हणाल्याच, पण दुसरी मागितली.

हे कचेरीतून आले. चुलीपाशी मी, ओल्या केसांची. सपरीत आई, पाय पसरून, पानाला चुना लावत. यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तोंड उघडलं. बेबीनं तत्परतेनं सांगितलं की आजी दूर बसली आहे, शिवू नका. यांनी तोंड मिटलं, टोपी खुंटीला लावली, बादली उचलली आणि विहिरीकडे गेले.

पार्बताबाई तेवढ्यात काढ्याची वाटी घेऊन आली होती. ती दारात थबकली. सासूबाईंकडे पाहून तिनं सवयीनं बोटं पुढे केली, पण मोजायचं कुठून ते तिला समजेना. सासूबाई पान चघळत तिच्याकडे शांत पाहत राहिल्या. पार्बताबाईचंही वय सासूबाईंहून फार कमी नव्हतं, तिलाही तीन सुना होत्या. ती वाटी तशीच घेऊन एक शब्द न बोलता परत गेली. पार्बताबाई न बोलता गेली असं गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. तो मुद्दाम जरा मोठा काढलेला होता. ती नत्थुजीला सांगत होती की आज मी दूर बसली आहे, सुनांना म्हणावं चूल पाहा, आणि पाण्याचं तुम्ही बघा.

मी विहिरीकडच्या खिडकीतून पाहिलं. आमचे हे रहाट ओढत उभे होते. नत्थुजी रिकामी बादली घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघंही विहिरीत पाहू लागले. यांनी स्वतःची बादली भरली, आणि न बोलता नत्थुजीचीही भरून दिली.